लायब्ररी लिनक्सवर, गिऱ्हाईक विंडोजवर: क्रॉस-कंपाइलसाठी बिल्ड स्क्रिप्ट कशी तयार करायची

मुंबईत मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची स्थिती सारखीच असते. लिहिणारा लिनक्सवर असतो, वापरणारा विंडोजवर. गिरगावातला छापखाना, लालबागची पतपेढी, फोर्टातलं सीएचं ऑफिस, कुठेही गेलात तरी टेबलावर बहुधा विंडोजच दिसेल. आमची सी भाषेतली एक छोटी लायब्ररी आहे. युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर ती युनिकोडमध्ये आणते. असा मजकूर छापखान्यांच्या जुन्या डिस्कवर ढिगाने पडून आहे आणि तो टिकून राहायला हवा असं मला मनापासून वाटतं. लायब्ररी लिहिली जाते उबुंटूवर, पण तिची खरी गरज आहे त्या छापखान्यातल्या मशीनवर.

विंडोजसाठी वेगळा बिल्ड ठेवणं हा एक मार्ग आहे. मला तो पटत नाही. दोन बिल्ड हळूहळू एकमेकांपासून लांब जातात आणि मग कुठली फाइल कुठल्या बिल्डमध्ये घालायची राहिली, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. लिनक्सवरच विंडोजची डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) तयार करणं, म्हणजेच क्रॉस-कंपाइल करणं, जास्त सरळ आहे.

हे करताना सी कोड सहसा अडत नाही. अडते ती बिल्ड स्क्रिप्ट, कारण ती सगळे प्रश्न ज्या मशीनवर चालते आहे त्यालाच विचारते. तुझी सिस्टिम कुठली? हेडर कुठे आहेत? ‘लाँग’ किती बाइटचा? गिऱ्हाइकाचा सदरा शिवायला बसलेल्या शिंप्याने स्वतःच्याच छातीचं माप घ्यावं, तसा हा प्रकार आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं सूत्र एकच आहे: स्क्रिप्टने मशीनला विचारायचं नाही, क्रॉस-कंपायलरला विचारायचं.

(आज्ञा, पर्याय आणि व्हेरिएबलची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करा.)

नावं आणि साधनं

ऑटोटूल्सच्या (कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि मेकफाइल तयार करणाऱ्या साधनांच्या) जगात तीन नावं आहेत. ‘बिल्ड’ म्हणजे जिथे कंपाइल होतं ते मशीन. ‘होस्ट’ म्हणजे तयार झालेली लायब्ररी जिथे चालणार ते मशीन. ‘टार्गेट’चा विचार फक्त कंपायलरसारखं साधन बांधताना करावा लागतो, आपल्याला त्याची गरज नाही. म्हणजे आपला बिल्ड लिनक्स आणि होस्ट विंडोज. हे उलटं लक्षात राहिलं तर पुढचं सगळंच उलटं होतं.

प्रत्येक मशीनला एक जोडनाव असतं, त्याला ट्रिप्लेट म्हणतात. ६४ बिटी विंडोजसाठी ते ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’, ३२ बिटी विंडोजसाठी ‘आय६८६-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’. शेवटचा ३२ दोन्हीकडे तसाच राहतो, त्यावरून बिटांचा अंदाज बांधू नका. बिटांची माहिती पहिल्या तुकड्यात असते.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे पॅकेज बसवलं की जीसीसी, जी++, एआर, रॅनलिब, स्ट्रिप, ऑब्जडंप, विंडरेस ही सगळी साधनं मिळतात. प्रत्येकाच्या नावाआधी ट्रिप्लेट लागलेलं असतं. डेबियनमध्ये या कंपायलरचे दोन प्रकार येतात, पॉझिक्स थ्रेडचा आणि विन३२ थ्रेडचा. सी++ मधला स्टँडर्ड थ्रेड वापरत असाल तर पॉझिक्सचा घ्या. विन३२ प्रकारात ती सोय जीसीसी १३ पासूनच आहे.

स्क्रिप्टला हात लावण्याआधी चार ओळींची एक सी फाइल क्रॉस-कंपायलरने कंपाइल करा आणि तयार झालेल्या फाइलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘पीई३२+’ (६४ बिटी विंडोज प्रोग्रामचा प्रकार) आणि ‘एमएस विंडोज’ दिसलं पाहिजे. ‘ईएलएफ’, म्हणजे लिनक्सचा प्रकार, दिसलं तर तुम्ही नेहमीचाच कंपायलर चालवला आहे. ही सवय शेवटपर्यंत ठेवा. बिल्ड ‘यशस्वी’ झाला तरी तो कुणासाठी झाला, हे ‘फाइल’ एका ओळीत सांगते.

स्क्रिप्टमधल्या संशयित ओळी

आता ग्रेप घेऊन सगळ्या स्क्रिप्ट चाळा. पहिला शोध ‘यूनेम’चा, म्हणजे मशीनच्या सिस्टिमचं नाव सांगणाऱ्या आज्ञेचा. ‘यूनेम’ने लिनक्स म्हटलं की शेअर्ड ऑब्जेक्ट बनव, नाहीतर डीएलएल, अशी अट बऱ्याच जुन्या स्क्रिप्टमध्ये सापडते. क्रॉस-बिल्डमध्ये ‘यूनेम’ नेहमी लिनक्सच सांगणार, कारण तो आपल्याच मशीनवर चालतो. त्याच्या जागी कंपायलरला ‘डंपमशीन’ हा पर्याय देऊन विचारा. तो स्वतःचं ट्रिप्लेट छापतो. त्यात ‘मिंगडब्ल्यू’ असेल तर विंडोज, ‘लिनक्स’ असेल तर लिनक्स. उद्या एआरएमच्या लिनक्ससाठी बांधायची वेळ आली तरी हीच अट चालेल.

दुसरा शोध ‘यूएसआर’खालच्या इन्क्लूड आणि लिब फोल्डरच्या थेट लिहिलेल्या पत्त्यांचा. हे पत्ते काढून टाका. लिनक्सचे हेडर क्रॉस-कंपायलरच्या वाटेत आले की ‘बिट्स’ फोल्डरमधली अमुक फाइल सापडत नाही, अशा बुचकळ्यात टाकणाऱ्या चुका येतात. ‘बिट्स’चं नाव दिसलं की कुठूनतरी लिनक्सचा पत्ता शिरला आहे, असं खुशाल समजा.

तिसरा शोध लिंकरला दिलेल्या नावांचा. ‘एलएम’ (गणिताची लायब्ररी) मिंगडब्ल्यूमध्ये चालून जातं. ‘एलडीएल’ नाही, कारण ‘डीएलओपन’ विंडोजमध्ये नसतं, तिथे ‘लोडलायब्ररी’ वापरतात. सॉकेट वापरत असाल तर ‘डब्ल्यूएस२_३२’ जोडावं लागतं आणि ते ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहावं लागतं. ‘एफपिक’ची काळजी करू नका, विंडोजसाठी तो निरर्थक आहे आणि जुने कंपायलर फार तर इशारा देतात.

मेकफाइल

मेकफाइलमध्ये ‘सीसी = जीसीसी’ असं ठाम लिहिलेलं असेल तर पर्यावरणातून दिलेला कंपायलर गप्प दुर्लक्षिला जातो. अनेकजण त्याऐवजी ‘सीसी ?= जीसीसी’ लिहितात आणि समजतात की काम झालं. पण जीएनयू मेकमध्ये ‘सीसी’ला आधीपासूनच ‘सीसी’ ही आज्ञा मूल्य म्हणून दिलेली असते, त्यामुळे प्रश्नचिन्हवाली ओळ कधी लागूच होत नाही.

मला आवडते ती लिनक्स कर्नलची पद्धत. ‘क्रॉस_कंपाइल’ नावाचं एक व्हेरिएबल ठेवा. एरवी ते रिकामं असतं आणि क्रॉस-बिल्डच्या वेळी त्यात ट्रिप्लेट आणि शेवटची आडवी रेघ येते. मग सीसी, एआर, रॅनलिब, स्ट्रिप, विंडरेस ही सगळी नावं त्याला जोडून तयार करा. सगळी म्हणजे सगळी. फक्त कंपायलर बदलून एआर जुनाच ठेवला तर अर्काइव्ह तयार होतं, पण त्यातली चिन्हांची सूची नीट बनेलच असं नाही, आणि मग लिंकर ‘चिन्ह सापडत नाही’ म्हणून अडतो. चूक एका जागी, तक्रार दुसऱ्या जागी.

ऑब्जेक्ट फाइलींसाठी प्रत्येक ट्रिप्लेटचं वेगळं फोल्डर करा. एकाच फोल्डरमध्ये लिनक्सची आणि विंडोजची ऑब्जेक्ट मिसळली की मेकला काहीच गैर दिसत नाही, तारखा जुळलेल्या असतात ना.

बिल्डच्या मध्येच चालणारा प्रोग्राम

इथे थांबून वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

आमच्या लायब्ररीत जुन्या फाँटांचे तक्ते साध्या मजकूर फाइलींत आहेत: कुठल्या कोडला कुठलं अक्षर. बिल्डच्या सुरुवातीला एक छोटा सी प्रोग्राम ते तक्ते वाचतो आणि एक हेडर फाइल लिहितो. ती हेडर मग लायब्ररीत जाते. असे जनरेटर खूप प्रकल्पांत असतात. क्रॉस-बिल्डमध्ये मेक हा जनरेटरही क्रॉस-कंपायलरनेच बांधतो, तो विंडोजचा ईएक्सई होतो, आणि लगेच पुढच्या ओळीत त्याला लिनक्सवर चालवायला जातो. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते आणि सगळं थांबतं.

थांबलं तर बरंच. काही मशीनवर वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) अशा प्रकारे बसवलेलं असतं की लिनक्स ईएक्सई फाइल परस्पर वाइनकडे देतो. तिथे हा जनरेटर निमूट चालतो, बिल्ड पूर्ण होतो, आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनवर किंवा सर्व्हरवर मात्र मोडतो.

योग्य उपाय म्हणजे दोन कंपायलर. एक ‘सीसी’, होस्टसाठी. दुसरा ‘सीसी_फॉर_बिल्ड’, म्हणजे नेहमीचा जीसीसी, फक्त जनरेटरसाठी. कर्नलमध्ये याला ‘होस्टसीसी’ म्हणतात, मेसॉन या बिल्डच्या साधनात त्या प्रोग्रामला ‘नेटिव्ह: ट्रू’ लावतात. फ्लॅगही वेगळे ठेवा. विंडोजसाठीचे सीफ्लॅग जनरेटरला गेले तर नवा गोंधळ.

यातून एक बारीक धोका निर्माण होतो. आता जनरेटर लिनक्सवर चालतो. त्याने ‘साइझऑफ लाँग’ काढून हेडरमध्ये लिहिलं तर ६४ बिटी लिनक्सवर तो ८ लिहील. ६४ बिटी विंडोजवर लाँग ४ बाइटचाच असतो. कंपायलर एक अक्षरही बोलणार नाही आणि तक्त्यातलं प्रत्येक स्थान चुकेल, ‘क’च्या जागी भलतंच अक्षर येईल. जनरेटरने आकडे आणि अक्षरं लिहावीत, आकारमानं कधीच लिहू नयेत. आकारमान लागलंच तर ‘साइझऑफ’ हा शब्दच हेडरमध्ये लिहा, म्हणजे तो होस्टच्या कंपायलरसमोर मोजला जाईल. टाइपही ‘यूइंट३२_टी’सारखे ठरावीक लांबीचे घ्या.

कॉन्फिगर

ऑटोटूल्सवरचा प्रकल्प असेल तर कॉन्फिगरला ‘होस्ट’ आणि ‘बिल्ड’ दोन्ही पर्याय स्पष्ट द्या. ट्रिप्लेट ओळखता येत नाही अशी तक्रार आली तर प्रकल्पातल्या ‘कॉन्फिग.सब’ आणि ‘कॉन्फिग.गेस’ जुन्या आहेत. त्या नव्या आणा, हाताने दुरुस्त करत बसू नका.

कॉन्फिगरच्या बहुतेक तपासण्या फक्त कंपाइल किंवा लिंक करून पाहतात, त्या क्रॉसमध्ये व्यवस्थित चालतात. टाइपचा आकारसुद्धा काही न चालवता, ॲरेच्या लांबीची युक्ती करून काढला जातो. अडतात त्या प्रोग्राम चालवून पाहणाऱ्या तपासण्या, म्हणजे ‘एसी_रन_इफएल्स’. ‘क्रॉस-कंपाइल करताना चाचणी प्रोग्राम चालवता येत नाही’ हा संदेश त्यांचाच. या मॅक्रोचा चौथा भाग क्रॉसच्या प्रसंगासाठीच राखलेला आहे, तिथे सुरक्षित उत्तर लिहा. त्याहून चांगलं म्हणजे तीच तपासणी कंपाइल करून होते का ते पाहा. पुष्कळदा होते.

जुन्या ऑटोकॉन्फमध्ये ‘एसी_फंक_मॅलॉक’ क्रॉसमध्ये वाईटच गृहीत धरतो आणि मॅलॉकच्या जागी ‘आरपीएल_मॅलॉक’ घालतो. हे फंक्शन प्रकल्पात लिहिलेलंच नसतं, म्हणून लिंक करताना ते सापडत नाही. कॉन्फिगरला ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल’ हे व्हेरिएबल ‘यस’ करून द्या. ही बनवाबनवी नाही, शून्य बाइट मागितले तरी विंडोजचा मॅलॉक रिकामा पॉइंटर देत नाही, तेव्हा उत्तर खरंच ‘हो’ आहे. अशी उत्तरं ट्रिप्लेटच्या नावाच्या एका छोट्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये घाला. पण उत्तर खरं असल्याची खात्री पटल्याशिवाय त्या फाइलीत काही लिहू नका.

लिबटूल (ऑटोटूल्समधलं लायब्ररी बांधायचं साधन) वापरत असाल तर ‘एलटी_इनिट’मध्ये ‘विन३२-डीएलएल’ आणि लिंकच्या फ्लॅगमध्ये ‘नो-अनडिफाइन्ड’ हवंच. नसेल तर लिबटूल एक इशारा छापून फक्त स्टॅटिक लायब्ररी बांधतो. बिल्ड हिरवा दिसतो आणि डीएलएल कुठेच नसते.

सीमेक आणि मेसॉन

सीमेक या बिल्डच्या दुसऱ्या साधनात हे सगळं एका टूलचेन फाइलीत बसतं. ‘सीमेक_सिस्टिम_नेम’ विंडोज करा, सी आणि आरसी, म्हणजे रिसोर्स, कंपायलरची नावं द्या, ‘फाइंड_रूट_पाथ’मध्ये मिंगडब्ल्यूचं फोल्डर द्या. मग शोधाचे चार नियम: प्रोग्रामसाठी ‘नेव्हर’, लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेजसाठी ‘ओन्ली’. म्हणजे साधनं आपल्या मशीनवरून घ्या, पण लायब्ररी आणि हेडर फक्त विंडोजच्या साठ्यातून. ही फाइल पहिल्याच वेळी, रिकाम्या फोल्डरमध्ये द्या. आधीच कॉन्फिगर झालेल्या फोल्डरला नंतर दिली तर कॅशमधला जुना कंपायलर तसाच राहतो. ३.२१ पासून त्यासाठी ‘टूलचेन’ असा थेट पर्याय आहे.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: सीमेकमधला ‘होस्ट’ ऑटोटूल्सच्या उलटा आहे. ‘सीमेक_होस्ट_सिस्टिम_नेम’ म्हणजे सीमेक जिथे चालतोय ते मशीन, आणि ‘विन३२’ ही अट लायब्ररी जिथे चालणार त्याबद्दल. अटींमध्ये ‘सीमेक_होस्ट_’ दिसलं की ते खरंच तसं हवं होतं का, हे तपासा.

मेसॉनची क्रॉस फाइल मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. बायनरींचा एक विभाग, ‘होस्ट_मशीन’चा दुसरा, संपलं. नवा प्रकल्प सुरू करत असाल तर तिथूनच सुरू करा.

दुसऱ्यांच्या लायब्ररी

पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं साधन. त्याला काही न सांगता विचारलं तर तो लिनक्सच्या लायब्ररींचे पत्ते देतो. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ बदलून भागत नाही, कारण ते जुन्या यादीत भर घालतं. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ बदला, ते जुनी यादी पूर्ण बाजूला सारतं. विंडोजसाठी तयार झेडलिब डेबियनमध्ये मिळते, फेडोरात अशा लायब्ररी खूप जास्त आहेत. बाकीच्या स्वतः बांधून एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, ‘यूएसआर’खाली नाही.

कोडमध्ये लागणारे थोडे बदल

हेडरचं नाव ‘विंडोज.एच’ पूर्ण छोट्या अक्षरांत लिहा. मोठ्या डब्ल्यूने लिहिलेलं विंडोजवर चालतं, पण लिनक्सच्या फाइल सिस्टिमला ती दुसरीच फाइल वाटते. ‘_विन३२’ हा मॅक्रो ६४ बिटी विंडोजवरही असतो, अट त्यावरच लावा. बाहेर द्यायच्या फंक्शनांना ‘डीएलएलएक्सपोर्ट’ लावा. एकालाही लावलं नाही तर मिंगडब्ल्यू सगळीच चिन्हं बाहेर देतो, एकाला लावलं की फक्त खूण केलेलीच. आणि लायब्ररीने दिलेली मेमरी मोकळी करायला लायब्ररीचंच फंक्शन द्या, वापरणाऱ्याचा सी रनटाइम वेगळा असू शकतो.

मराठी लिहिणाऱ्यांनी नीट पाहायची गोष्ट म्हणजे फाइलींची नावं. ‘पावती’ या शब्दात ५ कोडपॉइंट आहेत: यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये १०. लिनक्सवर ते १५ बाइट ‘एफओपन’ला दिले की फाइल उघडते. विंडोजवर साधा एफओपन नाव सिस्टिमच्या एएनएसआय कोडपेजमध्ये वाचतो आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही. म्हणून फाइल सापडत नाही, आणि कमांड लाइनवरून आलेल्या नावाची प्रश्नचिन्हं होतात. उपाय: नाव ‘मल्टिबाइटटूवाइडकॅर’ने यूटीएफ-१६ मध्ये आणा आणि ‘_डब्ल्यूएफओपन’ वापरा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलीत) यूटीएफ-८ कोडपेज मागता येतं, पण ते ठरवतो ईएक्सई, डीएलएल नाही. आपण लायब्ररी लिहितो आहोत, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. फाइल उघडतानाचा मोडही स्पष्ट बायनरी द्या, नाहीतर विंडोज ओळीच्या शेवटी फेरफार करतं.

तपासणी

डीएलएल तयार झाली की ट्रिप्लेटवाल्या ऑब्जडंपला ‘पी’ पर्याय देऊन ‘डीएलएल नेम’च्या ओळी पाहा. लिनक्सवर अशी यादी दाखवणारा ‘एलडीडी’ इथे कामाचा नाही. यादीत ‘कर्नल३२’ आणि सी रनटाइमशिवाय ‘लिबजीसीसी’ किंवा ‘लिबविनपीथ्रेड’ दिसलं, तर त्या फाइली गिऱ्हाइकाकडे नसणार. ‘स्टॅटिक-लिबजीसीसी’ने लिबजीसीसी आत घ्या. पीथ्रेड लागतच असेल तर त्याची डीएलएल सोबत पाठवा.

मग वाइनमध्ये चाचण्या चालवा. ऑटोमेक, सीमेक आणि मेसॉन, तिघांतही चाचणीचा प्रोग्राम वाइनमार्फत चालवायची सोय आहे. प्रत्येक बदलानंतर त्या चालल्या पाहिजेत. पण वाइन म्हणजे विंडोज नव्हे. लॅमिंग्टन रोडवरून एखादं जुनं, विंडोज असलेलं मशीन स्वस्तात घ्या आणि त्यावर कंपायलर किंवा विकासाचं दुसरं कुठलंही साधन बसवू नका. छापखान्यातलं मशीन जसं असतं तसंच ठेवा. त्यावर ‘जुनी पावती’ नावाच्या, मध्ये जागा असलेल्या फोल्डरमध्ये डीएलएल आणि एक नमुना फाइल टाका. त्या नमुन्यात ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘ळ’ असे शब्द आणि अक्षरं असू द्या. लिनक्सवरच्या आणि इथल्या निकालाच्या फाइली बाइटला बाइट ताडून पाहा. फरक निघाला तर आधी लाँग, मग फाइलचा मोड, मग जनरेटर, या क्रमाने शोधा.